भट्टीवरचं कीर्तन

“झाक त्याला,” आत्ती म्हणाल्या. “माझ्याकडं बघतंय ते.”

“आत्ती, त्याला डोळेच न्हाईत अजून.”

“म्हणूनच म्हणते, झाक.”

मी कोंबड्यांवरचं डालगं उचलून आणलं आणि सोप्यातल्या घडवंचीवर ठेवलेल्या त्या मेणाच्या डोक्यावर पालथं घातलं. कामट्यांच्या फटींतून नाक दिसत राहिलं. आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिकडं पाठ केली आणि गहू निवडायला बसल्या, पण सुपातला हात हलेना.

ते डोकं आमच्या घरी यायला कोल्हापूरचे शिरगावकर सर कारण. चित्रकलेच्या शाळेत शिकवायचे. पुण्याच्या कुठल्याशा संग्रहालयाला जुन्या ग्रीक मूर्तीची नक्कल हवी होती, आणि तीही त्या काळच्या रीतीनंच ओतलेली. सरांनी प्लॅस्टरचा नमुना गोणपाटात गुंडाळून एसटीनं कऱ्हाडला आणला, ओतार गल्लीत आमच्या दारात उतरवला आणि म्हणाले, “मुरलीधरराव, हे जमेल का?”

ह्यांनी आधी कान बघितले. “मोडल्यात की हे. तालमीतला गडी दिसतोय.”

“मुष्टियोद्धा. दोन हजार वर्षांपूर्वीचा.”

“मग आमच्याच भागातला म्हणा की,” वसंतभाऊजी म्हणाले. ते माझे धाकटे दीर, भट्टीवर भाता त्यांच्याकडं असे. “कऱ्हाडातनं तिकडं गेला असंल कुस्तीला.”

सगळे हसले. मीही हसले. तेव्हा आत्ती आतून बाहेर आल्या, त्यांनी ते डोकं बघितलं आणि चौकट धरून खाली बसल्या.

आमच्या घरी देव ओतत. वीतभर उंचीचे, घन, आतून भरीव. मेणाची मूर्ती करायची, तिला मातीचं अंग चढवायचं, भाजलं की मेण वितळून निघून जातं आणि त्याच्या जागी धातू जातो. ग्रीक लोकही असंच करत, फक्त आत पोकळ ठेवत. मधे मातीचा गाभा, त्यावर जाड भाकरीएवढा मेणाचा थर, वर पुन्हा माती. मेण गेलं की गाभा अधांतरी राहील, म्हणून आरपार खिळे मारून तो धरून ठेवायचा. हे सगळं सरांनी जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. आणि डोळे? डोळे ओतायचेच नाहीत. खोबण्या रिकाम्या ठेवायच्या. मागाहून पांढऱ्या शिंपल्याचा डोळा, काळ्या दगडाची बाहुली, तांब्याच्या पत्र्याच्या पापण्या असं वेगळं करून बसवायचं. ओठ नुसत्या तांब्याचे, म्हणजे लाल दिसतात.

“आपल्याकडं देवाचे डोळे शेवटी उघडतात, त्यांच्याकडं शेवटी बसवतात,” सर म्हणाले. “फार फरक नाही.”

आत्तींना फरक होता. मेणाचं डोकं डालग्याखाली झाकलं त्या रात्री भाकरी थापताना त्यांनी मला सांगितलं. माझे सासरे मी पाहिले नव्हते. माझ्या लग्नाआधी एका देवळाची घंटा ओतताना साच्यात ओल राहिली होती. थोडीशीच. तापलेला रस आत गेला आणि आला तसाच बाहेर उडाला, मामंजींच्या तोंडावर. जीव राहिला, डोळे गेले. खोबण्या राहिल्या.

“तीन वर्षं ते तोंड मी धुतलंय,” आत्ती म्हणाल्या. “ह्याच सोप्यात. रोज सकाळी. आणि आता मुरल्यानं तेच मेणाचं करून ठेवलंय.”

तव्यावरची भाकरी करपली, ती त्यांनी उलटली नाही.

त्यांचं भय माझ्यात कधी उतरलं ते मला कळलं नाही. सोप्यातून जाताना मी डालग्याकडं बघत नसे. ह्यांच्यापुढं मात्र काही बोलत नसे, कारण भट्टीवरच्या माणसाला भिववू नये अशी घरची रीत. एकदा तेच म्हणाले, “दोघी सासवा-सुना डालग्याला वळसा घालून जाताय. त्यात काय नाग हाय?”

“आत्तींना मामंजी दिसत्यात त्यात.”

त्यांनी डालग्याकडं बघितलं. “मलाबी दिसत्यात,” म्हणाले. “म्हणून तर दोनदा भाजणार हाय साचा.”

खरंच दोनदा भाजला. मेण निघून गेल्यावर साचा आगीत ठेवला, निववला, पुन्हा ठेवला. मग त्याच्या तोंडाशी माझा कुंकवाचा आरसा धरून बघितला. आरशावर धुकं धरलं असतं तर आत ओल आहे असं समजायचं. आरसा स्वच्छ राहिला. रस ढवळायची सळईसुद्धा हे आधी निखाऱ्यावर धरत, मग मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, घालत. सळईवर दवाचा थेंब असला तरी रस थुंकतो. सरांना ते म्हणाले, “सर, आगीचं भ्या न्हाई. भ्या पाण्याचं.”

आता कीर्तनाचं सांगायला हवं. ओतायच्या दिवशी आमच्या अंगणात कीर्तन व्हायचं. मला कीर्तनाचं वेड माहेरपासून. आमच्या गावच्या देवळात बुवा उभे राहिले की मी हातातलं काम टाकून जाई, आणि ‘ओताऱ्यांच्या घरी भट्टीवर कीर्तन होतं’ एवढं ऐकूनच मी ह्या स्थळाला होकार दिला, असं मला सगळे चिडवत. ते काही खोटं नव्हतं. पण इथलं कीर्तन नुसतं ऐकायचं नव्हतं, त्यावर काम चाले. पूर्वरंग सुरू होताना तांबं मुशीत पडे. आख्यान लागेतो ते पाणी होई. आख्यान संपून नामाचा गजर उठला की घरच्या पुरचुंड्या मुशीत जात, मागोमाग कथील, आणि आरतीआधी रस साच्यात. घड्याळ कुणी बघत नसे. भाते आणि झांजा ह्यांच्या आवाजात भट्टीशी काही बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून नियम एकच होता: गजर थांबला की हात थांबवायचा. कुणी पडलं, कुणाला भाजलं, तर बुवांनी थांबायचं, म्हणजे भट्टीवाल्याला कळे.

आणि पुरचुंड्या. ज्याला तोंड आहे असं काहीही ओतताना घरातल्या प्रत्येकानं आपल्याजवळची धातूची एखादी वस्तू नव्या कापडात बांधून द्यायची. तुटलेलं जोडवं, घासून गेलेली पळी, काहीही. कुणी काय दिलं ते दुसऱ्यानं बघायचं नाही, ओतणाऱ्यानंही नाही. कापड जळून जातं, वस्तू विरघळते. घरातल्या थोर माणसाची पुरचुंडी सगळ्यांत शेवटी.

“परक्या पैलवानाला कशाला पुरचुंड्या?” भाऊजी म्हणाले होते.

“तोंड हाय त्याला,” आत्ती म्हणाल्या. “रीत ती रीत.”

त्यांच्या तोंडून ते ऐकून मला बरं वाटलं होतं. वाटलं, निवळल्या.

त्या दिवशी जेवणं लवकर उरकून दुपारीच अंगण भरलं. आमचं अंगण लांबट. एका टोकाला घर, घराच्या सोप्यावर बुवा उभे राहत. दुसऱ्या टोकाला भट्टीची पडवी. मधे माणसं, बुवांकडं तोंड करून, भट्टीकडं पाठ. पडवीपुढं एक दगड होता, त्यापलीकडं बायकांनी जायचं नाही.

मी पितळी ताटात पुरचुंड्या गोळा केल्या. माझी पिवळी, भाऊजींची हिरवी. सरांनीही हौसेनं एक बांधली होती, निळ्या रुमालात. “माझं काय आहे ते विचारू नका,” ते म्हणाले, “बायको मला विचारणारच आहे.” आत्तींची लाल खणाची.

“जड हाय. जपून ने,” त्या म्हणाल्या.

ताट जरा कललं तशी लाल पुरचुंडी गडगडत काठाला गेली. मी हातानं अडवली. गोल आणि गार लागली. एखादं जुनं वजन असेल, मनात म्हटलं, आणि दगडाशी उभं राहून ताट भाऊजींच्या हातात दिलं.

तांबवेकरबुवांनी त्या दिवशी उकळत्या कढईत टाकलेल्या एका भक्ताचं आख्यान लावलं होतं. बुवा साठीचे, काटक, पण आवाज असा की ऐकताना अंगावर काटा यावा. कढईखाली जाळ वाढतो आहे, राजा विचारतो आहे, अजून कसा हा ओरडत नाही? बुवा हे सांगत होते आणि माणसांच्या डोक्यांवरून मला पडवीत खरा जाळ दिसत होता. मुशीच्या तोंडावर हिरवट ज्योत नाचत होती. हे उघड्या अंगानं, डोक्याला ओलं फडकंसुद्धा न बांधता, सांडशी घेऊन उभे होते. खड्ड्यात साचा पुरला होता, त्याचं तोंड तेवढं वर. एरवी आख्यानात मी स्वतःला विसरते. त्या दिवशी एक शब्द कानावर पडे आणि पुढचा नाही.

आत्ती पुढंच बसल्या होत्या, डोळे मिटून. चेहरा शांत होता, कित्येक दिवसांत दिसला नव्हता इतका.

आख्यान संपत आलं तसं बुवांनी मला डोळ्यांनी खूण केली. मी निरांजन लावायला देवघरात गेले. बाहेर गजर उठला, पन्नाससाठ गळे एकदम. मी फुलवात तुपात बुडवली, काडी ओढली आणि उजेडात देवघराच्या कोपऱ्यातला कोनाडा दिसला.

कोनाडा रिकामा होता.

आत्ती आणि मामंजी लग्नानंतर काशीला गेले होते, तेव्हा गंगेचं पाणी आणलं होतं. तांब्याच्या लिंबाएवढ्या गडूत, तोंडाला डाग देऊन पक्कं बंद केलेलं. घरोघर असतो तसा. शेवटच्या घटकेला माणसाच्या तोंडात घालायचं ते पाणी. मामंजींच्या वेळी त्यांचा गडू फोडला. हा आत्तींचा. तो कोनाड्यातून कुणी हलवत नसे, पुसायचा तोही जागच्या जागी. आता तिथं धुळीत एक स्वच्छ गोल वर्तुळ होतं.

गोल. गार. जड. ताटात गडगडलेलं.

काडी बोटाशी येऊन विझली. बंद तांब्यात कोंडलेलं पाणी, आणि ते वितळलेल्या काशात जाणार. साच्यातल्या ओलीनं मामंजींचे डोळे घेतले होते. ती ओल किती होती? आणि हा भरलेला गडू.

मी दारात आले. समोर बुवांची पाठ होती, हाताच्या अंतरावर. पलीकडं सगळं अंगण, दाटीवाटीनं, टाळ्या वाजवत. त्यापलीकडं पडवी. ह्यांच्या सांडशीत पिवळं काही होतं. ते मुशीत गेलं, ज्योत उसळली. माझं जोडवं.

“अहो,” मी ओरडले. माझं मलाच ऐकू आलं नाही.

हिरवी गेली.

त्या गर्दीतून वाट काढीत भट्टीपाशी पोचणं शक्य नव्हतं. आणि पोचले असते तर काय ओरडले असते? ‘आत्तींनी गडू घातलाय’? त्या पुढंच बसल्या होत्या. नवऱ्याचं तोंड तीन वर्षं धुतलेल्या बाईला सगळ्या गल्लीदेखत कळलं असतं, की आज मुलाचं तेच आपण करत होतो. हा विचार इतका सरळ तेव्हा माझ्या मनात आला का, ते मला सांगता येणार नाही. पाय गेले ते बुवांकडं.

निळी गेली. हे लाल पुरचुंडीकडं वळले.

मी बुवांचे दोन्ही हात धरले. चिपळ्यांसकट.

असं कुणी कधी केलं नसेल. कीर्तन चालू असताना उठून जाणं पाप, हे मी माझ्या आईच्या मांडीवर शिकलेली. चिपळ्या थांबल्या. पेटी एक सूर धरून राहिली आणि तीही गेली. झांजा एकेक करत मागं पडल्या. सगळं अंगण माझ्याकडं बघत होतं. बुवांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि मग नजर उचलून भट्टीकडं.

नुसता भात्याचा आवाज उरला. मग भाऊजींनी भाताही सोडला.

हे सांडशीत लाल पुरचुंडी धरून मुशीवर उभे होते. खणाच्या कडेला जाळ लागला होता. हात थांबला होता. मान वळवून ते माझ्याकडं बघत होते. तोंडानं काही सांगायचं नव्हतं. मी उजवा तळहात खोलगट केला आणि ओठांशी नेला, तीर्थ घेतात तसा. मग त्यांच्या हातातल्या सांडशीकडं बघितलं. पुन्हा तळहात ओठांशी.

“पाणी,” कुणी तरी म्हणालं. “पाणी मागतीय ती. चक्कर आली तिला. अरे पाणी द्या.”

तांब्या आला. मी बुवांचे हात सोडले आणि तांब्या तोंडाला लावला. माणसं माझ्याकडं बघत होती म्हणून मी पीत राहिले. तांब्याच्या काठावरून मला दिसत होतं. हे सांडशी जराही न हलवता बाजूला घेत होते, दूध भरलेलं भांडं न्यावं तसं. कापड जळून गळालं. आत तांबं चमकलं. त्यांनी ते ओळखलं. तोंडावरचा सगळा घाम एकदम वाळल्यासारखा झाला. ते मागं सरकले, वाळूच्या ढिगात सांडशी खुपसली, गडू सोडला आणि पायानं त्यावर वाळू ओढली. मग एक हात वर केला. चालू द्या.

बुवांचा पहिला सूर लागला नाही. दुसऱ्यांदा लागला.

कथील गेलं. दोघा भावांनी मूस उचलली. रस साच्याच्या तोंडात पडायला लागला तेव्हा मी निरांजन लावून हातात घेऊन उभी होते. मी फक्त ऐकत होते. फुसकारा आला तर? गाभा सरकला तर? रस आत जात राहिला, कितीतरी वेळ. मग साच्याच्या दुसऱ्या भोकातून तो शांतपणे वर आला, कडेपर्यंत, आणि थांबला. ह्यांनी मूस खाली ठेवली. मग खड्ड्याच्या काठावर बसून राहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर.

आरती झाली, माणसं पांगली. आत्तींनी मला हाताला धरून माजघरात नेलं. मला वाटलं, त्यांना कळलं.

“पाणी मागायला कीर्तन थांबवलंस?” त्या म्हणाल्या. “बुवांचा हात धरलास? एवढी तहान असती का बाईमाणसाला?”

“चुकलं, आत्ती.”

“घरात मरायचं होतंस, पण कीर्तनातनं उठायचं न्हाई.” मग त्यांनी दाराकडं बघितलं, आवाज उतरवला. “तरीबी मुरल्याला राखलं. का राखलं सांगू? कुणाला बोलू नको. त्या बिनडोळ्याच्या पोटात मी माझा गडू घातला.”

त्या माझ्या आणखी जवळ सरकल्या.

“भट्टीशी पाणी नेऊ नये, एवढं मला कळतंय. ओताऱ्याची बायको हाय मी. पण ते पाणी न्हवं, ती गंगा. पाण्यानं तुझा सासरा नेला, गंगेनं माझा मुरल्या राखला. आता माझ्या शेवटाला काय न्हाई राहिलं तरी चालंल.”

त्यांचा चेहरा उजळला होता. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मला भट्टीसमोर वाटली नव्हती एवढी भीती वाटली. माझ्या तोंडून एक शब्द चुकून गेला असता, माझा नुसता श्वास चुकला असता, तर तो उजेड कायमचा विझला असता.

“व्हय, आत्ती,” मी म्हणाले. “गंगेनंच.”

त्यांनी मला बुवांपुढं नेऊन पाया पडायला लावलं. “पोरीला क्षमा करा, बुवा. तिला अक्कल न्हाई.”

बुवा फेटा सोडत बसले होते. सोप्यावरून भट्टीकडं तोंड असलेला माणूस त्या गर्दीत तो एकच. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आत्तींकडं बघितलं.

“आई,” ते म्हणाले, “आज माझाच ताल सुटत होता. तिनं वेळेवर धरला.”

“तुम्ही लई मोठ्या मनाचं हाय,” आत्ती म्हणाल्या.

त्या रात्री हे मला एवढंच म्हणाले, “डाग शाबूत होता. थेंब गेला नव्हता आतला.” दुसऱ्या दिवशी पहाटे ते गडू घेऊन संगमावर गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. पुढं साचा फोडला, पैलवानाचं डोकं निघालं, सरांनी शिंपल्याचे डोळे बसवले आणि आत्तींनी त्याच्या मोडक्या कानांवरून हात फिरवला. म्हणाल्या, “आता बरा दिसतोय. जा बाबा तुझ्या घरी.”

त्यानंतर आत्ती पुष्कळ वर्षं जगल्या. गावात कुठंही कीर्तन असो, त्या मला शेजारी बसवत. बुवा उभे राहिले की माझ्या पदराचं टोक त्या मुठीत घट्ट धरत, मी पुन्हा उठू नये म्हणून. आख्यान रंगलं, त्यांचे डोळे मिटले, मान कलली, तरी मूठ सुटत नसे. बायका बघत, हसत. मी पदर कधी सोडवून घेतला नाही.